नुसतं चालू करून देऊ नकोस, विठोबा

पासोड्या विठोबा, बुधवार पेठेत तुझ्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांमधून पुण्याची किती यंत्रं घडली, बिघडली आणि दुरुस्त झाली, ते तुझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी सेन्सर शोधत फिरतात, रेडिओ दुरुस्त करणारे वयस्क लोक एका कपॅसिटरसाठी चार दुकानं पालथी घालतात आणि जाता-येता तुला हात जोडतात. आमच्या टेबलावरचा हा डबाही त्याच गल्ल्यांतल्या सामानाचा आहे. म्हणून आज तुलाच हाक मारतो आहे.

डबा प्लायवूडचा आहे. आत रास्पबेरी पाय ३, मॉडेल बी. मागच्या बाजूला लाल रॉकर स्विच, पुढे दोन कंट्रोलर. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या धाकट्या बहिणीनं तो सुट्टीत बनवला. प्लाय त्यानं कापलं, कडांना पॉलिश पेपर तिनं मारला आणि आतल्या पितळी स्पेसरचे स्क्रू दोघांनी मिळून आवळले. टीव्हीला जोडायचा आणि जुने आठ बिटांचे गेम खेळायचे, एवढीच त्यांची इच्छा. स्विच दाबला की बोर्डावरचा लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकतो, टीव्हीवर सप्तरंगी चौकोन उमटतो. मग अंधार. मग पुन्हा तोच चौकोन. त्यापुढे डबा जात नाही.

देवा, हा डबा चालू कर, असं मागणं घेऊन मी आलेलो नाही. तो का चालू होत नाही, ते आम्हाला दिसू दे.

उचलून ठेवताना एखाद्या वायरला धक्का लागेल, डबा आपोआप सुरू होईल, मुलं टाळ्या पिटतील आणि आम्ही जेवायला बसू. असं आज होऊ देऊ नकोस. आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो, हे दुरुस्तीच्या कामात हात काळे केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो परत येईल तेव्हा सोसायटीतली सगळी पोरं जमलेली असतील आणि ह्या दोघांकडे सांगायला काही नसेल. म्हणून बिघाड आहे तोवर त्याला टेबलावर राहू दे. त्याला लपू देऊ नकोस. दर वेळी त्याच जागी, त्याच रीतीनं तो समोर येऊ दे, म्हणजे आम्हाला त्याची ओळख पटेल.

ह्या सप्तरंगी चौकोनासाठी तुझे आभार मानतो. मुलांना त्याची चीड आली आहे, पण तो मोठा साक्षीदार आहे. पायमध्ये मुख्य प्रोसेसर आधी उठत नाही. आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो, कार्डाच्या पहिल्या फॅट विभागातली बूटकोड नावाची फाइल वाचतो, तिच्या आधारानं स्टार्ट डॉट ईएलएफ उचलतो, कॉन्फिग डॉट टीएक्सटीमधल्या सूचना बघतो आणि मग कुठे कर्नल मेमरीत ठेवून प्रोसेसरला हलवतो. चौकोन दिसतो तो स्टार्ट डॉट ईएलएफचं काम सुरू झाल्यावर. म्हणजे कार्ड वाचलं जातंय, टीव्हीपर्यंत चित्र जातंय, एचडीएमआयची केबल शाबूत आहे. अर्धी वाट बरोबर आहे. पुढच्या अर्ध्या वाटेवर कुठेतरी काहीतरी अडतंय. एवढं कळणं ही सुद्धा कृपाच आहे, विठोबा. ज्यांच्या पडद्यावर काहीच येत नाही, त्यांना सगळी वाट धुंडाळावी लागते.

हिरव्या दिव्याचीही भाषा असते, ती ह्या मुलांच्या कानी घाल. तो चार वेळा लुकलुकून थांबला तर स्टार्टची फाइल सापडली नाही. सात वेळा लुकलुकला तर कर्नल सापडला नाही. आठ वेळा म्हणजे मेमरीचाच प्रश्न. आमचा दिवा असं काही मोजून सांगत नाही. तो कार्ड वाचताना जसा अनियमित चमकतो तसाच चमकतो आणि मध्येच गप्प होतो. पण त्याच क्षणी लाल दिवाही पापणी लवावी तसा विझतो आणि पुन्हा लागतो. हे भाचीनं पाहिलं. मी पडद्याकडे बघत होतो, तिचा दादा स्विचकडे. ती टेबलाला हनुवटी टेकून बोर्डाकडे बघत होती आणि म्हणाली, "मामा, लाल पण जातो." देवा, तिची ही नजर सांभाळ. शाळेत, परीक्षेत, पुढे नोकरीत कुणी तिला म्हणेल की तुला उगाच दिसतं. तेव्हाही तिला जे दिसतं ते ती सांगत राहो.

तिच्या दादासाठी वेगळं मागणं आहे. तो म्हणतो, "मामा, कार्ड पण बदलतो, ॲडाप्टर पण बदलतो, केबल पण बदलतो. एकदाच काय ते होऊन जाईल." त्याच्या अंगात उत्साह आहे आणि तो मला मोलाचा वाटतो, म्हणून त्याला मोडायचं नाही. पण तिन्ही एकदम बदलल्यावर डबा सुरू झाला तर दोष कशात होता ते कळणार कसं? चांगलं कार्ड कचऱ्यात जाईल आणि खराब केबल खणात जपून ठेवली जाईल. तू तर थांबून राहिलेला देव आहेस. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्यानं तुझ्याकडे वीट टाकली, आणि त्याचं हातातलं काम होईपर्यंत तू कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. तुझं ते थांबणं माझ्या भाच्याला दे. एक गोष्ट बदलावी, बघावं, वहीत लिहावं, ती पुन्हा पहिल्यासारखी करावी आणि मग दुसरीला हात घालावा, एवढा धीर त्याच्या बोटांत येऊ दे.

आमच्या पिढीला हा धीर कुणी शिकवला नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्ही गेम आले. कुणाकडे समुराई, कुणाकडे मीडिया, कुणाकडे लिटल मास्टर. त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या धर्तीचे. कॅसेट घातली आणि पडद्यावर नुसती रंगीत रेघोट्यांची जाळी आली की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. आणि चालायचं की! महाराष्ट्रातल्या गावागावांत पोरं फुंकर मारत होती आणि सातासमुद्रापार अमेरिकेतली पोरंही तेच करत होती. खरं तर काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पट्ट्या घासल्या जायच्या आणि संपर्क जुळायचा. फुंकरीतला ओलावा त्याच पट्ट्यांवर बसून त्या हळूहळू काळवंडायच्या. निन्टेन्डोनंही कॅसेटमध्ये फुंकू नका असंच सांगितलं होतं. पण डोळ्यांसमोर फुंकर मारली आणि डोळ्यांसमोर गेम सुरू झाला, मग कोण ऐकतो! एका अख्ख्या पिढीच्या मनात चुकीचं कारण पक्कं बसलं, आणि ते बसलं कारण उपाय लागू पडत होता. विठोबा, लागू पडलेल्या उपायानं माणूस जितका फसतो तितका फसलेल्या उपायानं फसत नाही. ह्या दोन मुलांना त्या फसगतीपासून वाचव.

त्याच घराण्यातल्या अमेरिकन यंत्राचं दुखणं आमच्या डब्यासारखंच होतं. १९८५ साली तिकडे निघालेल्या एनईएसमध्ये कुलपाची एक चिप होती. तिला कॅसेटमधल्या जोडीदार चिपकडून बरोबर उत्तर आलं नाही की ती यंत्राला सेकंदाला एकदा रीसेट करायची. दिवा लुकलुकत राहायचा, पडदा राखाडी होऊन चमकायचा. कारण बहुतेक वेळा ७२ पिनांच्या सॉकेटचा सैलपणा. लोकांना वाटायचं यंत्र मेलं. ते जिवंत होतं, फक्त पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. आमचा पायही तसाच सुरुवातीकडे परततो आहे. मेलेला नाही. त्याला कशानं तरी पुढचं पाऊल टाकता येत नाही.

मला संशय आहे तो वायरचा. भाच्यानं डब्याला मागून स्विच हवा म्हणून यूएसबीची केबल मधोमध कापली आणि स्विचपर्यंत नेण्यासाठी घरात पडलेली बारीक वायर जोडली. टाके सुरेख घातलेत, सोल्डर चकचकीत बसलं आहे, वर हीट श्रिंक चढवली आहे. कुणाही माणसानं पाठ थोपटावी असं काम. पण ती वायर २८ गेजची आहे. अशा वायरला मीटरमागे ०.२१ ओहमच्या आसपास रोध असतो. जाणारी एक, परतणारी एक, दोन्ही मीटरभर लांब, म्हणजे ०.४ ओहमच्या वर. कर्नल उठून प्रोसेसरचे चारही कोअर कामाला लागले आणि पायनं सव्वा अँपियरच्या आसपास ओढला, की अर्धा व्होल्ट त्या वायरीतच खपतो. ॲडाप्टर ५.१ व्होल्ट देतो आहे, अडीच अँपियरचा आहे, त्याच्यावर छापलेलं सगळं खरं आहे. पण बोर्डापर्यंत पोचतात ४.६. आणि ४.६३ च्या खाली गेलं की हा बोर्ड लाल दिवा विझवून तक्रार करतो. भाचीनं पाहिलं ते हेच असावं.

असावं, म्हणतो. देवा, माझ्या संशयाला मी पुरावा समजू लागलो तर मला थांबव. वयानं मोठा माणूस कारण आधी ठरवतो आणि मग त्याच्या बाजूचं तेवढंच बघतो. मुलंही मान डोलावतात, कारण मामा सांगतोय. त्यांना हे माझ्या तोंडून कळू नये. त्यांना ते मीटरवर दिसावं.

म्हणून आता मीटर लावतो आहोत आणि हीच घटका तुझ्या हवाली करतो. बोर्डाच्या कडेला चाळीस पिनांची दुहेरी रांग आहे. दोन नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट, सहा नंबरची ग्राउंड. लाल प्रोब दोनवर, काळा सहावर. पण दोनच्या अगदी शेजारी, अडीच मिलिमीटरवर, एक नंबरची पिन आहे आणि तिच्यावर ३.३ व्होल्ट आहेत. प्रोबचं टोक घसरलं आणि दोन्ही पिना एकत्र जोडल्या गेल्या, तर पाच व्होल्ट नको तिथे शिरतील आणि बोर्ड तिथल्या तिथे जाईल. प्रोब भाचा धरणार आहे. मी नाही, त्यानंच धरायला हवा. विठुराया, त्याचा हात स्थिर ठेव. खंडेनवमीला ह्याच मीटरला आम्ही झेंडूचं फूल वाहतो, हळदकुंकू लावतो. आज त्या मीटरला खरं बोलू दे. मीटर संथ असतो, क्षणभरात पडून सावरलेला दाब त्याच्या आकड्यांत दिसेलच असं नाही. तेव्हा बहीण लाल दिव्याकडे बघत राहील. आकडा आणि दिवा, दोघांची साक्ष जुळू दे. नाही जुळली तर तेही आम्हाला मान्य करता येऊ दे.

आकडा पाचच्या वर ठाम राहिला तर माझा संशय खोटा, आणि तो खोटा ठरवण्याचं बळ दे. मग कार्ड बाहेर काढू, दुसऱ्या कार्डावर जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोपाय प्रणालीची इमेज नव्यानं टाकू, लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळू. मग बोर्ड उचलून खालची बाजू बघू, स्पेसरचा एखादा स्क्रू सोल्डरच्या ठिपक्याला टेकतोय का ते पाहू. एकेक करून. रात्र झाली तर उद्या.

विठोबा, आज अशाच डब्यापुढे बसलेले आणखी लोक असतील. त्यांच्यासाठीही मागतो. कुणी टीव्ही नंतर लावला असेल. पायला सुरुवातीला टीव्ही दिसला नाही म्हणून त्यानं चित्र दुसऱ्याच वाटेला लावलं असेल आणि पडदा काळा असेल. त्याला टीव्ही आधी चालू करायचं सुचू दे, किंवा कॉन्फिगमध्ये एचडीएमआय सक्तीनं चालू ठेवणारी ती एक ओळ सापडू दे. कुणी ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट आहे तसंच ठेवून त्यावर इमेजची फाइल नुसती कॉपी केली असेल. कुणाच्या कार्डावर ६४ छापलं असेल आणि आत जागा आठचीच असेल; स्वस्त मिळालं म्हणून पोरानं साठवलेल्या पैशातून घेतलं असेल. त्या पोराला फसवणाऱ्याचा राग येऊ दे, पण यंत्रांवरचा विश्वास उडू देऊ नकोस. आणि कुणी अगदी दाराशी पोचून अडकलं असेल, कंट्रोलरची बटणं ठरवण्याच्या पडद्यावर, कारण पडदा जे बटण मागतो ते त्याच्या कंट्रोलरवर नाहीच. त्याला कुणीतरी सांगो की असलेलं कुठलंही बटण दाबून धर, तो पुढे जातो.

बंद करण्याचीही बुद्धी दे. मुलांना सुरू करण्याचं वेड असतं, बंद करणं त्यांच्या गावी नसतं. कार्डावर लिहिणं चालू असताना मागचा स्विच खटकन पाडला की फाइली अर्धवट राहतात, आणि एके दिवशी कर्नलला त्याचं मूळच सापडत नाही. मेनूतून बंद कर, हिरवा दिवा शांत होऊ दे, मग स्विच, हे त्यांच्या हातात मुरू दे. पाचव्या आणि सहाव्या पिनवर एक साधं पुश बटण लावलं आणि कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहिली तर तेच बटण पायला नीट झोपवतं आणि नीट उठवतं. वायर दोषी ठरली तर रॉकर स्विच काढून हेच करायचं माझ्या मनात आहे. केबल मग अखंड राहील. भाच्याला त्याचा लाल स्विच जाण्याचं वाईट वाटेल. ते वाईट वाटणं त्याला सोसू दे.

ज्यांच्यामुळे हा डबा आमच्या घरात आहे, त्यांना तुझ्या पायाशी ठेवतो. केंब्रिजला एबन अप्टन आणि त्याच्या सोबत्यांना दिसलं की कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं कमी होताहेत आणि आलेल्यांच्या हाताला यंत्राची सवय नाही. म्हणून त्यांनी मुलांना उघडं, स्वस्त, बिघडलं तरी जीव जाऊ नये असं यंत्र द्यायचं ठरवलं आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय ३५ डॉलरला विकायला आणला. मासायुकी उएमुरा यांनी फॅमिकॉमची रचना केली. ते २०२१ च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या आत्म्याला शांती दे. आणि ते अनेक अनाम हात, ज्यांनी जुन्या यंत्रांचा एकेक ठोका मोजून त्यांची एम्युलेटरं लिहिली आणि कुणाकडून पैसा घेतला नाही. त्यांच्या घरात सुख ठेव. ज्यांचे गेम आहेत त्यांचं देणं बुडवायची वेळ आमच्यावर आणू नकोस. मुलांनी पहिला गेम विकत घेतला आहे, मायक्रो मेजेस. २०१९ साली नव्यानं लिहिलेला, पण जुन्या एनईएसवरही चालेल असा, अवघ्या ४० केबीचा. पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सएवढाच. एवढ्याशा जागेत एवढं जग मांडणाऱ्यांची चिकाटी मुलांच्या दृष्टीस पडू दे.

आता प्रोब टेकले आहेत. भाची बोर्डाकडे बघते आहे, वही तिच्या मांडीवर आहे. जे दिसेल ते तिच्याच अक्षरात लिहिलं जाऊ दे. आणि हे सगळं निस्तरून डबा खरोखर सुरू होईल तेव्हा आणखी एक ऐक. मूळच्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्टचं बटणच नव्हतं; खेळ सुरू करणं पहिल्या कंट्रोलरवाल्याच्याच हातात असायचं. आमच्या दोन्ही कंट्रोलरवर ते आहे. पहिलं स्टार्ट तिला दाबू दे. पायला चार यूएसबी सॉकेट आहेत आणि हा गेम चौघांना खेळता येतो, तेव्हा पुढच्या रविवारी बुधवार पेठेतून आणखी दोन कंट्रोलर आणायला मुलांना घेऊन येईन. दुकानं उघडायच्या आधी तुझ्याकडे येतो.